पंधराशे रुपयांची तारीख

शनिवार, रात्री साडेदहा

दुपारी भाऊजी जेवायला होते. लाडकी बहीण योजनेवरून विषय निघाला आणि ते म्हणाले, "सरकारनं लोकांना आयतं खायची सवय लावली. जबाबदारी म्हणून काही राहिलीच नाही कुणाला." मी बोलले थोडंफार, पण वाढता वाढता मनातलं सगळं बोलून होत नाही. राहिलेलं इथे लिहिते.

त्यांचा राग अगदीच अनाठायी नाही. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींची छाननी झाली तेव्हा सरकारी नोकरीतल्या बायका लाभार्थी निघाल्या, यादीत पुरुषही सापडले. पगार घेणारी बाई महिन्याच्या पंधराशेसाठी खोटं लिहून देते, याची मलाही चीड येते. पण त्याची शिक्षा मावशींना का?

मावशी आमच्या गल्लीत धुणीभांडी करतात. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. संजय गांधी निराधार योजनेतून त्यांना महिना पंधराशे मिळतात. २०२३ च्या जुलैत ही रक्कम हजाराची पंधराशे झाली. हे मिळतात म्हणून लाडकी बहीण नाही, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही. योजनेची अट मात्र वाचली की पोटात कालवतं. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. महिन्याला १,७५० रुपये. दिवसाला साठही नाहीत. याच राज्यात लाडक्या बहिणीची मर्यादा अडीच लाख आहे! साठ रुपयांत घर चालत नाही हे तलाठ्याला ठाऊक आहे, तहसीलमध्ये ठाऊक आहे, अट घालणाऱ्यांनाही ठाऊक असणार. तरी उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा तोच लागतो. त्या दाखल्याच्या दिवसांत मावशींचा चेहरा उतरलेला असतो. "कुणी चौकशीला आलं तर काय सांगू, बाई?" हे मी किती वेळा ऐकलं असेल. कुणाचा चमचाही इकडचा तिकडे न करणाऱ्या बाईच्या मनात आपण चोर आहोत ही भावना कायमची घालून ठेवली आहे. भाऊजी जबाबदारीबद्दल बोलतात, तेव्हा या अटीची जबाबदारी कुणाची, हेही विचारायला हवं.

सकाळी त्यांच्याबरोबर बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात गेले होते. तिथे अंगठा लावून पैसे मिळतात. मावशींचा अंगठा उमटेना. आयुष्यभर राख, मग साबणाची पावडर आणि तारेची घासणी. बोटावरच्या रेघा उरल्यात कुठे? पोराने मशीनची काच पुसली, मावशींनी अंगठा पदराला पुसला, मग डोक्याच्या तेलकट केसांवरून फिरवून पुन्हा टेकवला. लाल दिवा. दुसरं बोट, परत लाल दिवा. मागे रांगेत कुणीतरी च्यक केलं आणि मावशी एकदम बाजूला झाल्या. म्हणाल्या, "त्यांचं होऊ दे आधी." त्यांचाच नंबर होता. मी पोराला तसं सांगितलं, त्यानेही बिचाऱ्याने मनापासून परत परत करून पाहिलं आणि शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला मशीनने होकार दिला. तर पैसे जमाच झालेले नाहीत. मागच्या महिन्याचेही नाहीत.

पुढच्या महिन्यात सगळे एकदम येतील कदाचित. याआधीही तसे आलेत. पण एकदम आलेला पैसा उधारी फेडण्यात जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वहीवर नाव चढतं. मावशींच्या बचत गटाचा हप्ता दहा तारखेला असतो, उशीर झाला की दंड. मुलीच्या नर्सिंगच्या कोर्ससाठी त्यांनी गटाकडून कर्ज घेतलंय, आणि माझ्या माहितीत त्यांचा एकही हप्ता चुकलेला नाही. लाईट बिलाला तारीख आहे, खोलीच्या भाड्याला तारीख आहे. मावशींनी ज्यांना ज्यांना पैसे द्यायचे त्या प्रत्येकाची तारीख ठरलेली आहे. त्यांना यायच्या पैशालाच तेवढी तारीख नाही. मग दोन घरांतून उचल घ्यायची, एखाद्या ताईकडे जास्तीचं काम मागायचं, आणि रात्री पडल्या पडल्या हिशेब करत बसायचं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना झोप लागत नाही, छातीत धडधडतं.

आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी त्यांना १४४१६ हा नंबर लिहून दिला होता. टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. चांगली सोय आहे, माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला मीच तो नंबर दिलाय. मावशींनी विचारलं, "पैसं कधी येणार ते सांगत्यात का तिथं?" मला उत्तर देता आलं नाही. मनाच्या आजाराला समुपदेशन हवं, औषध हवं, त्यात लाज कसली. पण मावशींची झोप ज्या गोष्टीनं उडते ती त्यांच्या मनात नाहीच, ती खात्यात आहे. वेळेवर आलेले पंधराशे त्यांना किती शांत करतात ते मी पाहिलंय. त्या महिन्यात त्या किराणा रोखीनं आणतात, दुकानदाराशी भाव करतात, आवाज मोठा असतो.

आयतं खाण्याचं म्हणाल तर या राज्याने वेगळंच काही करून दाखवलं होतं. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, तेव्हा विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी मांडलेली रोजगार हमी गावोगाव उभी राहिली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिला पैसा कुठून आला? १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून, आणि त्यात राज्याने आपली भर घातली. माझ्या पगारपत्रकात आजही दोनशेची ती कपात दिसते, फेब्रुवारीत तीनशेची. भाऊजींच्याही दिसते. मला ती कधी जड वाटली नाही. शहरातल्या पगारदाराने दुष्काळातल्या मजुराचा भार उचलायचा आणि मजुराने घाम गाळायचा, दोन्हीकडून जबाबदारी होती. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपण, आजारपण, अपंगत्व आलं तर सरकारी साहाय्य मिळावं असं म्हटलंच आहे. घाम गाळून झिजलेल्या बोटांना त्यात जागा नसेल तर कुणाला असणार?

माझा पगार दोन दिवस लांबला तर आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर केवढा गदारोळ होतो. निराधारांचा ग्रुप कुठे असतो?

निराधार योजनेच्या तालुका समितीकडे अर्ज करायचा ठरवलंय. मागणी एवढीच, की अनुदान दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जमा व्हावं, आणि लांबणार असेल तर तहसीलच्या फलकावर आधी लिहावं. संध्याकाळी मावशींना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. "चांगलं लिवलंय, बाई. पर माझं नाव नका घालू. दाखला काढतील बाहेर."

नाव नाही घालणार. सोमवारी शाळा सुटल्यावर माझ्या सहीनं देऊन येते. भाऊजींनाही सही मागणार आहे, करतील असं वाटतंय.