रिमोटचा दिवा बंद असतानाही सेल खातो

कपाटात, देवघरात, ओट्याच्या वर चिकटवायचे गोल एलईडी दिवे घेतले की दोन-तीन महिन्यांत तक्रार येते, 'लावलाच नाही फारसा, तरी सेल संपले.' सेल बहुधा निर्दोष असतात. रिमोटने दिवा बंद केला तरी आतला इन्फ्रारेड सेन्सर जागाच असतो. तो साधारण ०.४ मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला जवळपास १० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलची क्षमता याच मापात मोजतात). आत ट्रिपल-ए चे तीन सेल एकामागोमाग जोडलेले असतात. त्यामुळे व्होल्टेज तिप्पट होतं, क्षमता मात्र एकाच सेलची, अल्कलाइन असेल तर सुमारे १००० एमएएच. शंभर दिवसांत खेळ खलास, दिवा एकदाही न लावता! स्वस्तातले साधे झिंक-कार्बन सेल तर त्याच्या निम्मेही टिकत नाहीत. म्हणून दिव्यावरच सरकवायचा स्विच असलेला प्रकार घ्या. तो नसेल, तर गावाला जाताना प्रत्येक दिव्यातला एक सेल काढून ठेवा.

पूर्ण उजेडावर १०० मिलिअँपिअर लागत असतील तर जेमतेम १० तास मिळतात. रोज लागणाऱ्या जागी रिचार्जेबल निकेल सेल परवडतात, ते १.२ व्होल्टचे, त्यामुळे उजेड किंचित कमी.

जुना-नवा सेल एकत्र घालू नका. अशक्त सेल आधी संपतो, तरी बाकीचे दोन त्याच्यातून करंट ढकलतच राहतात आणि तो पाझरतो. अल्कलाइन सेलची पांढरी पूड पत्रीवर दिसली तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसा, मग ओलसर फडक्याने, आणि पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला.

रिमोट चालत नसेल तर आधी सेलखालची प्लॅस्टिकची पट्टी ओढली का बघा (हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं). मग मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक, दिव्याचे सेल बघा. रिमोटमधला सीआर २०२५ बटण-सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि कपाटाचं दार लावून रिमोट दाबण्यात अर्थ नाही, इन्फ्रारेड लाकडातून जात नाही.

चिकटपट्टी सनमायका, काच, टाइल्सवर धरते. डिस्टेंपरच्या भिंतीवर पावसाळ्यात पोपड्यासकट खाली येते. तिथे सरळ स्क्रू मारा.