ऐकणाऱ्या बाईंची खुर्ची

रविवार, रात्री. दादर.

आजच्या वाचनगटात न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या कॅथरिन मॅन्सफिल्ड या इंग्रजी कथालेखिकेची ‘द लेडीज मेड’ ही कथा घेतली होती. 1922 साली निघालेल्या ‘द गार्डन पार्टी’ या संग्रहातली ही कथा म्हणजे एलन नावाच्या मोलकरणीचे एका पाहुण्या बाईंपुढचे बोलणे. रात्री चहा घेऊन ती खोलीत येते आणि मालकिणीचे गुण गाता गाता स्वतःचे सारे आयुष्य सांगून मोकळी होते. बाईंची उत्तरे लेखिकेने दिलेलीच नाहीत. त्या जागी नुसती टिंबे आहेत.

चर्चा लगेच ठरल्या वाटेने गेली. एलन अविश्वसनीय निवेदक आहे, म्हणजे कथा सांगणारी असूनही तिच्या सांगण्यावर वाचकाने भरवसा ठेवू नये, बिचारीला आपले नुकसान कळत नाही, असे बहुतेकांचे मत पडले. मला ते पटले नाही, आणि घरी येऊन पुन्हा वाचल्यावर तर अजिबातच पटेना.

हॅरी नावाच्या फुलवाल्याशी तिचे लग्न ठरले आहे आणि दोघे मिळून सामान पाहायला जायचे आहे. त्याच दिवशी मालकिणीच्या हातून रुमाल पडतो आणि त्या तो स्वतः वाकून उचलतात. एरवी हे कधीच घडत नसल्यामुळे एलन धावत जाते, तर त्या हसून म्हणतात की आता मला सवय करायलाच हवी. मी लग्न करू नये असे वाटते का, या प्रश्नावर त्या ठाम नकार देतात. पण त्याच क्षणी त्यांचा हात छातीवर गेलेला एलनला आरशात दिसतो, आणि आपण पाहतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते, असे ती आवर्जून सांगते. त्यानंतर हॅरीची पत्रे, अंगठी आणि ब्रूच परत जातात. यातली कोणती गोष्ट तिने चुकीची पाहिली? रुमाल, आरसा, हात, सगळे जिथल्या तिथे आहे. डळमळते ते फक्त तिचे स्पष्टीकरण, आणि तेही ती कोणासमोर देते आहे? मालकिणीच्याच वर्गातल्या, तिच्याच घरी उतरलेल्या एका बाईंसमोर. तिथे तिने दुसरे काय म्हणावे अशी आपली अपेक्षा आहे?

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मध्यंतरी जिन्यात भेटल्या होत्या. “मॅडम फार चांगल्या हो ताई. गावाला जाताना म्हणाल्या, पगार राहू दे माझ्याकडे, आल्यावर घे. तेवढेच पैसे वाचले बघा.” मी मान हलवली. परत यावेच लागेल अशी ती सोय होती, हे त्यांना समजले नसेल असे मला वाटत नाही. पण माझ्याही घरी भांड्यांना बाई येते आणि ती मावशींच्याच चाळीत राहते. माझ्याशी बोलताना मावशी वरच्या मॅडमना नावे ठेवतील कशाला?

एलनची कीव करताना आपण त्या न छापलेल्या उत्तरांच्या जागी, बाईंच्या खुर्चीत, बसलेलो असतो. निवेदकापेक्षा आपल्याला जास्त कळते, या सुखात थोडा मालकीणपणा मिसळलेला आहेच. (मॅन्सफिल्ड स्वतः बँक ऑफ न्यूझीलंडच्या अध्यक्षपदापर्यंत पोचलेल्या गृहस्थांची मुलगी. मोलकरणीचा आवाज लिहिताना तिने समोरच्या बाईंचे तोंड बंद ठेवले, ही मला कथेतली सर्वांत धीट गोष्ट वाटते.)

हे बोलून दाखवल्यावर गटातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, मग मोलकरणीच्या माया लावण्यावर कधी विश्वासच ठेवायचा नाही का? प्रश्न रास्त आहे. एलनचा जीव मालकिणीवर खरोखर आहे. रात्री तिला पांघरूण घालतानाचे तिचे वर्णन कुणालाही खोटे म्हणता येणार नाही. मात्र शेवटी, मनात येणारे विचार ती स्वतःच झटकून टाकते, विचार करून काही उपयोग नाही म्हणते. जिला काहीच कळत नाही तिला असे काही थोपवावे लागत नाही, एवढेच मी त्यांना म्हणाले. त्यांना ते पूर्ण पटलेले दिसले नाही.