आठवडा ११ : पाचच्या चहाची भूक

सुरुवातीला ८४.६ किलो, आज ८०.९. या आठवड्यात काटा जेमतेम २०० ग्रॅमने उतरला, तरी मी खूश आहे, कारण पाचची भूक अखेर समजली.

ऑफिसात चहा आला की सोबत खारी नाहीतर फरसाण असतंच, आणि दिवसभराच्या पथ्यावर तिथे पाणी पडायचं. म्हणून महिनाभर वहीत भुकेला १ ते ५ गुण देत गेलो. वही चाळल्यावर दिसलं की डब्यात तीन पोळ्या आणि कोरडी भाजी असेल त्या दिवशी पाचला ४ नाहीतर ५. दोन पोळ्या, मोठी वाटी मटकीची उसळ, काकडी आणि दही असेल तर २, फार तर ३. आता उसळ ठरलेलीच. रविवारी मटकी भिजवायची, सोमवारी रात्री फडक्यात बांधायची. बुधवारी सकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड येतात.

दुसरा प्रयोग वाट पाहण्याचा. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक आपल्या सवयीच्या वेळेआधी वाढतं आणि काही वेळाने खाल्लं नाही तरी उतरतं. मंगळवारी ५:१० ला पोटात खड्डा पडला होता, वहीत ४ लिहिले. बिनसाखरेचा चहा घेऊन जिन्याने दोन फेऱ्या मारल्या. ५:३५ ला २! ही लाट ओसरताना स्वतः अनुभवली, तेव्हा तिची भीती गेली. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.)

संकष्टीला साबुदाण्याची खिचडी सोडून उकडलेले बटाटे, जिरं-मिरची आणि ताक घेतलं. सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थ तपासले होते, प्रत्येकाचे कॅलरी सारखेच. पोट भरल्याची भावना सगळ्यात जास्त दिली ती उकडलेल्या बटाट्याने, पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून अधिक. बटाट्याला आपण उगाच वाळीत टाकतो. खरा घोळ तेलाचा आहे. चंद्रोदयापर्यंत मला काही आठवलंसुद्धा नाही.

गुरुवार मात्र हातचा गेला. आदल्या रात्री जेमतेम साडेचार तास झोप झाली आणि उसळ खाऊनही दिवसभर गोड हवंसं वाटत होतं. पाचला गुण ५, दोन खाऱ्या खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात रात्री जेवणाआधी वाटीभर मुगाचं कढण, आणि अकराला दिवा बंद. कढणात लसूण-जिऱ्याशिवाय तुम्ही काय घालता, नक्की सांगा.