जाळरेषेच्या शेपटाला

पहिल्या दिवशी मला विळा मिळालाच नाही.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. भीमाशंकरच्या रांगेत, आहुपे घाटाच्या अंगाला, कड्यापासून थोडं आत वनखात्याची दोन खोल्यांची चौकी आहे. तिथे जाळरेषेच्या कामाला आम्ही तिघं पुण्याहून गेलो होतो, सात दिवसांसाठी. बाकीची सहा माणसं खालच्या वाडीतली, महादेव कोळी, दरसाल हेच काम करणारी. मी विळ्याकडे हात नेला तसे टोळीतले सगळ्यात वयस्कर मामा म्हणाले, "बाई, तुम्ही पाणी आना." झरा खाली, चौकी वर. दोन हातांत दहा-दहा लिटरचे कॅन आणि अशा चार खेपा. हौसेनं घेतलेले चामडी हातमोजे पिशवीतच राहिले. राग आला होता, खोटं कशाला बोलू? रजा टाकून, एसटीचे धक्के खाऊन पाणीच भरायचं तर सोसायटीत काय कमी टंचाई असते!

जाळरेषा म्हणजे गवताचा पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा. मग वणवा आला तरी त्याला पुढे खायला काही उरत नाही. आमची रेषा ६ मीटर रुंद होती. दोन्ही कडांचं गवत कापून आतल्या बाजूला टाकायचं, काही दिवस वाळू द्यायचं आणि पेटवायचं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, त्याच्या आत हे उरकावं लागतं. आपोआप लागलेला वणवा वाडीत कुणाला आठवत नव्हता. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळताना, ठिणगी उडते, कुणाला वाटतं जाळलं की पुढल्या साली गवत जोमानं येतं, कुणी सहलीला आलेला चूल तशीच धुमसत ठेवून उठतो. आणि जळतं ते नुसतं गवत नाही. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून विकायचा, त्यावर वाडीतल्या बऱ्याच घरांची मीठमिरची भागते. आग काही हिरड्याचं झाड ओळखून बाजूनं जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विळा हातात आला. तासाभरात कमरेचा काटा ढिला झाला. शेजारी कापणाऱ्या मावशी बघत होत्या. "वाकून नगं. बस खाली, आन् मुळापासनं धर." उकिडवं बसून सरकत कापायला लागले आणि जमलं. कुसळं मात्र मोज्यातून, सलवारीतून, थेट कातडीत. रात्री चुलीपाशी बसून ती एकेक उपटायची, हा आमचा सामुदायिक कार्यक्रम. तांदळाची भाकरी, हुलग्याचं कालवण, मिरचीचा ठेचा. चौथ्या रात्री मावशींनी न विचारता माझ्या टाचेतलं कुसळ काढलं, तेही गावातल्या कुठल्याशा लग्नाची भानगड सांगता सांगता. मधला शब्दही तुटू दिला नाही.

सहाव्या दिवशी पेटवायचं ठरलं. आग चढावर धावते आणि उतारावर रांगते, म्हणून पेटवायला सुरुवात वरच्या टोकाकडून. दिवस चढला की कोकणातून वारा कड्यावर येतो, म्हणून दंव असतानाच, पहाटे. एका उंच झाडावर शेकराचं घरटं होतं, त्याच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा आदल्या संध्याकाळी लांबपर्यंत ओढून काढला होता. पुढे पेटवणारा, दोन्ही कडांना ओले डहाळे घेतलेली माणसं, मग हवेच्या झोतानं पाचोळा उडवणारा ब्लोअरवाला. सगळ्यात मागे मी, पुन्हा पाण्याचा कॅन आणि एक दाताळं घेऊन.

"मी मागंच का?" मी विचारलं.

"पुढली आग समद्यांना दिसती," मामा म्हणाले. "मागली नाय दिसत."

मला ते समजूत घातल्यासारखं वाटलं.

रेषेबाहेर तीन-चार हातांवर, वाळलेल्या कारवीच्या जाळीत एक जुनं पोकळ खोड होतं. कारवी सात वर्षांनी फुलते आणि फुलली की मरते. मागे उरतात त्या निव्वळ काड्या. त्या खोडावर मला धुराची बारीक दोरी दिसली होती. आजूबाजूला दंवाची वाफ निघत होती, तशीच ही, असं धरून मी पुढे गेले. बरीच पुढे गेल्यावर वास आला. गवताचा नव्हता, लाकडाचा होता. परत पळत आले तर दोरी मनगटाएवढी झालेली आणि कारवीच्या काड्या हलायला लागलेल्या. वारा चढला होता. अख्खा कॅन ओतला. चर्र झालं, धूर थांबला, आणि दोन मिनिटांत पुन्हा आला. तेव्हा मी ओरडले.

मामा कुदळ घेऊन आले. दोघांनी आधी भोवतालची कारवी कापून बाजूला फेकली, मग त्यांनी खोड उभं फोडलं. आत लालभडक. पाणी, माती, पुन्हा पाणी, दाताळ्यानं कालवून सगळ्याचा चिखल केला. मग मामांनी हात उलटा करून राखेवर धरला. मला म्हणाले, "तुझाबी धर. उलटा. माझ्या तळव्याला घट्टे, त्याला काय कळतंय." ऊब होती. अजून एक कॅन लागला.

मी सांगून टाकलं की आधी दिसलं होतं, वाफ समजून पुढे गेले. त्यांनी तंबाखू थुंकली आणि उतरणीला लागले. जेवतानाही कुणी विषय काढला नाही, ते जास्त लागलं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उजाडायच्या आत विजेरी घेऊन एकटीच खोडापाशी गेले. राख गार होती. तिच्यात एका उलट्या हाताचा ठसा होता, रुंद बोटांचा, माझ्या दुप्पट.

चौकीवर आले तर मामा चूल फुंकत होते. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "तुझ्यावर भरोसा नव्हता आसं नाय. खोडावर नव्हता."

मग रिकामे कॅन माझ्याकडे सरकवले.