दोन विमानं, दोन इंधनं आणि अकरा तासांचं उड्डाण

चार दिवसांत अकरा तास उडून काल संध्याकाळी परत आलो. विमानं दोन होती. माझं दोन आसनी, रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिनाचं; मित्राचं चार आसनी, लायकमिंग ओ-३२० चं, १६० अश्वशक्तीचं. वरून जे दिसलं त्याबद्दल लिहायला पुष्कळ आहे, पण मागून येणाऱ्यांच्या कामी येईल तो इंधनाचा अनुभव. म्हणून आधी तोच.

किती लिटर लागेल हे आपण सगळेच काढतो. माझं इंजिन तासाला साधारण १८ लिटर पितं, मित्राचं ३२ च्या आसपास. पण कुठे काय मिळेल, हे विचारायचं बऱ्याचदा राहून जातं. निघण्याआधी मी वाटेतल्या प्रत्येक धावपट्टीवर फोन केला. मोगॅस, म्हणजे गाडीत घालतो ते पेट्रोल, फक्त दोन ठिकाणी होतं. बाकी सगळीकडे निळं एव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानांसाठीचं पेट्रोल. ‘इंधन आहे का?’ एवढं विचारून फोन ठेवू नका. कुठलं आहे, त्या दिवशी पंप चालू असेल का आणि पेट्रोल असेल तर त्यात इथेनॉल किती, हे तिन्ही विचारून घ्या.

१००एलएलमधलं ‘एलएल’ म्हणजे कमी शिसं. कमी म्हणजे जुन्या एव्हगॅसच्या मानाने कमी, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं त्यात असू शकतं. मित्राच्या इंजिनाची सगळी हयात त्यावर गेली आहे. माझ्या इंजिनाला मात्र किमान ९५ ऑक्टेनचं बिनशिशाचं पेट्रोल मानवतं. एव्हगॅसवर ते चालतं, उत्पादकाची परवानगीही आहे, पण रोटॅक्समध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. त्यामुळे शिशाचा राखाडी गाळ ऑइलच्या टाकीत बसतो तसा गिअरबॉक्समध्येही पोचतो.

पहिल्या सकाळी माझ्या टाक्या पेट्रोलने भरल्या. भरण्याआधी इथेनॉलची तपासणी केली. तुम्हीही करा, पाच मिनिटांचं काम आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत एका खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, वर पेट्रोल ओतायचं, जोरात हलवून निवळू द्यायचं. पाण्याची रेघ खुणेच्या वर चढलेली दिसली तर पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलं आहे. माझ्या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. पण इंजिनाला चालतं म्हणून विमानाला चालतं असं धरून बसू नका! टाकीचा लेप, रबरी नळ्या, सील यांच्यासाठी विमानाच्या उत्पादकाचं पुस्तक वेगळं बघावं लागतं. फायबरच्या काही टाक्यांचा आतला लेप इथेनॉलने मऊ पडतो आणि त्याचे कण गाळणीत येऊन अडकतात.

दुसऱ्या मुक्कामाला दुपारी पोचलो. ऊन रणरणतं होतं. इंजिन बंद करून चाळीस मिनिटं थांबलो आणि पुन्हा सुरू केलं. सुरू सहज झालं, पण धावपट्टीच्या तोंडाशी उभा असताना इंधनदाबाचा काटा थरथरायला लागला. खाली जायचा, सावरायचा, पुन्हा खाली जायचा. इंजिनाचा आवाज अजून बिघडला नव्हता. तरी मी मागे फिरलो. बंद केलेल्या इंजिनाची उष्णता झाकणाखाली कोंडते, नळ्यांमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला द्रवाऐवजी बुडबुडे मिळतात. उड्डाण घेतलं असतं तर पूर्ण ताकद लागते नेमक्या त्या क्षणी इंजिनाने दगा दिला असता.

विमान सावलीत नेलं, नाक वाऱ्याकडे केलं, ऑइल तपासायची झडप उघडी ठेवली आणि अर्धा तास थांबलो. तिथेच ४० लिटर एव्हगॅस भरलं. माझ्या इंजिनात दोन्हींचं मिश्रण चालतं, आणि एव्हगॅस सहज वाफ होत नाही. त्याचा बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कलमध्ये बांधलेला असतो. थंडीच्या मोसमासाठी बनवलेल्या पेट्रोलचा याच्या जवळपास दुप्पट असू शकतो. असं पेट्रोल टाकीत राहून गेलं आणि एकदम ऊन तापलं, तर जास्तच जपा. गरम दिवस आणि उंचावरची धावपट्टी असेल, तर शिसं पत्करूनही मी एव्हगॅसच घेईन.

मित्राची अडचण तिसऱ्या दिवशी आली. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून लांबलचक चाल (टॅक्सी), हवा-इंधनाचं मिश्रण पूर्ण गडद म्हणजे इंधन जास्त, इंजिन मंद. मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगी देणारी दोन यंत्रं, एकेक करून तपासताना एका बाजूला इंजिनाचे मिनिटाचे फेरे २५० ने पडले आणि इंजिन अडखळलं. लायकमिंगची मर्यादा १७५ ची आहे आणि दोन बाजूंतला फरक ५० च्या आत हवा. त्याने २००० फेऱ्यांवर मिश्रण हळूहळू विरळ केलं, इंजिन गरम होऊ दिलं, मिनिटभर धरलं आणि पुन्हा तपासलं. घट १२० वर आली. एव्हगॅसमध्ये शिसं वाहून नेणारं रसायन घातलेलं असतं, पण प्लग पुरेसे तापले तरच ते काम करतं. म्हणून जमिनीवर असताना मिश्रण चांगलं विरळ ठेवा, इतकं की विसरून थ्रॉटल पुढे ढकललं तर इंजिन लगेच कुरकुरेल. उड्डाणाआधी अर्थातच पुस्तकात दिलेल्या जागी आणा. एकदा करूनही घट तशीच राहिली तर प्लग काढा, उडू नका.

त्याच ठिकाणी इंधनाचा ट्रक मित्राच्या विमानाशी येऊन थांबला तेव्हा ट्रकवरची पट्टी काळी होती. काळी म्हणजे जेट ए-१, जेट इंजिनांचं इंधन; एव्हगॅसची लाल असते. त्याने हात वर करून थांबवलं. इंधन भरताना स्वतः टाकीशी उभे राहा, बाकी काही सांगत नाही. शंका आली तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका: एव्हगॅस उडून जातं, जेटचा तेलकट डाग राहतो.

रात्री विमान उघड्यावर असेल तर वजन बघून टाक्या भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. चौथ्या सकाळी माझ्या उजव्या टाकीतून काढलेल्या इंधनाच्या नमुन्यात तळाशी वाटाण्याएवढा पाण्याचा थेंब होता. तीनदा काढल्यावर नमुना स्वच्छ आला. रोटॅक्सवाल्यांनी ऑइल बघण्याआधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून पंखा (प्रोपेलर) योग्य दिशेने हाताने फिरवावा, ऑइलच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. त्याआधी कांडीवरचा आकडा खोटा असतो. आणि ऑइल ५० अंशांवर गेल्याशिवाय उड्डाण घेऊ नका.

घरी आल्यावर हिशेब मांडला. साधारण २०० लिटरपैकी ८५ लिटर एव्हगॅस, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर. एव्हगॅसवरचा वेळ ३० टक्क्यांपेक्षा जास्त झाला की रोटॅक्सचं ऑइल आणि फिल्टर जास्तीत जास्त ५० तासांनी बदलायचे असतात; मुख्यतः त्यावरच उडत असाल तर २५ तासांनी. मी २५ धरले आहेत, आणि लॉगबुकात तासांशेजारी इंधनाचा प्रकारही लिहायला सुरुवात केली आहे.

आज सकाळी मित्राने खालचे चार प्लग काढले. त्यातल्या दोन प्लगच्या तोंडात शिशाचे मोहरीएवढे राखाडी मणी अडकले होते. बारीक टोच्याने, सिरॅमिकला धक्का न लावता, त्याने ते एकेक करून काढले आणि कागदावर ठेवले. सात निघाले.