लिंबाची साक्ष

आज लिंबाच्या रसाने, वाळल्यावर न दिसणारा गुप्त मजकूर लिहिताना कार्ल म्युलर सारखा आठवत होता. पहिल्या महायुद्धातला हा जर्मन हेर. साध्या पत्राच्या ओळींमध्ये लिंबूरसाने मजकूर लिहायचा. जून १९१५ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या.

इस्त्री फिरवली की रसाची जागा उरलेल्या कागदाच्या आधी करपते, अक्षरं तपकिरी उमटतात. पण खरी गोची निबची! टोकदार निब कागदाचे तंतू उचकटते. कागद उजेडात तिरका धरला की ओरखडे चमकतात. टोकाला कापूस गुंडाळून हलक्या हाताने लिहावं. तरीही आयोडीनची वाफ ओलं होऊन वाळलेल्या तंतूंवर वेगळी बसते आणि लपवलेलं लिखाण उघडं पडतं, मग शाई कुठलीही असो.

म्युलरकडचं लिंबू ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, सुकून काळं पडलेलं.