डबा कोणी काढला?

नाशिक, ऑगस्ट २०२४. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, याचीच ऑफिसात चर्चा चालली होती. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. चोरीच्या गुन्ह्यात पंच, म्हणजे पोलिसांच्या कारवाईचे त्रयस्थ साक्षीदार, म्हणून दोन कर्मचारी पाठवा, असं पोलिसांचं पत्र आलं होतं. माझं आणि आमच्या शिपाईकाकांचं नाव निघालं. लेखी बोलावणं असताना सबळ कारणाशिवाय नाही म्हटलं तर तोच गुन्हा ठरतो, हे मला नंतर कळलं.

ठाण्यात विशीतला एक मुलगा उभा होता. तो आमच्यासमोर बोलला आणि रायटरने, म्हणजे लिखापढी करणाऱ्या पोलिसाने, लिहून घेतलं: दागिने घरी तांदळाच्या डब्यात ठेवलेत, चला, काढून देतो. याला निवेदन पंचनामा म्हणतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. मात्र ताब्यातल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेलं तेवढंच बोलणं चालतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणजे ‘चोरी मी केली’ हे वाक्य गळून पडतं आणि सगळा भार ‘काढून देतो’वर येतो.

घर दोन खोल्यांचं. जिन्यात पोलिसांची चाहूल लागताच मुलाची आई दारात आली. पोराचा हात धरलेला पोलीस दिसला आणि ती तशीच आत वळली. आम्ही उंबऱ्याशी पोहोचेपर्यंत तिने स्टीलचा डबा आणून आमच्या पायाशी ठेवला होता. ‘घ्या, पण त्याला मारू नका,’ एवढंच म्हणाली. मोबाईलवर चित्रीकरण सुरू झालं ते त्यानंतर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. पण त्या चित्रीकरणात डबा पहिल्यापासून दारातच दिसणार होता.

तांदळात हात घालून दोन पाटल्या निघाल्या. वजन झालं, पुडी बांधली, आमच्या सह्यांच्या लेबलावर लाखेचं सील बसलं. मग पंचनामा वाचायला मिळाला. त्यात लिहिलं होतं, ‘आरोपीने स्वतः स्वयंपाकघरातून डबा काढून हजर केला.’

काका सही करून मोकळे झाले. माझा हात उचलेना. पाटल्या तर खऱ्याच होत्या, चोरीच्याच असतील. पण मुलगा उंबऱ्याच्या आत गेलेलाच नव्हता.

‘साहेब, डबा आईने आणला,’ मी पोलीस अधिकाऱ्यांना म्हटलं. आवाज कापत होता.

‘मॅडम, मुद्देमाल मिळाला ना? फरक काय पडतो?’

‘मग जसं झालं तसं लिहू या ना, साहेब.’

बराच वेळ कोणी बोललं नाही. साहेब चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी रायटरला ते वाक्य खोडायला लावलं, खाली खरं लिहवून घेतलं आणि खाडाखोडीपाशी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. काकांनी परतताना रिक्षात विचारलं, ‘ताई, आपल्याला काय करायचं होतं?’ मी म्हटलं, ‘काका, दोन त्रयस्थ माणसं लागतात ती कशाला? कॅमेरा सुरू नव्हता तेव्हा तिथे आपणच होतो.’

वर्षभराने सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात साक्षीला गेले. शपथ झाली, सरकारी वकिलांनी सील दाखवलं, मी माझी सही ओळखली. बचावाच्या वकिलांनी थेट विचारलं, ‘डबा कोणी काढला?’

‘त्याच्या आईने.’

‘आरोपी तेव्हा कुठे होता?’

‘जिन्यात. त्याचा हात पोलिसांनी धरला होता.’

मागच्या बाकावर ती बसली होती. निघताना तिच्यासमोरून जावं लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून बाकावर जरा सरकून बसली, मला बसायला जागा करावी तशी.